गांजाची सुगी आणि कृतिवर्णनाचे गद्य

वाङ्मयसमीक्षेने कोणत्या ग्रंथांस आपल्या पंगतीत बसवावे, ह्याविषयी आपल्याकडे एक ठरीव समजूत आहे. काव्य, नाटक, कादंबरी आणि फार झाले तर निबंध व चरित्र, एवढ्यांचेच पाट मांडले जातात. सरकारी अहवाल, शेतकीची पुस्तके, पाकशास्त्र, कारागिरीची वर्णने ही मंडळी ओसरीवरूनच परत जातात. ही वाटणी आम्हांस मान्य नाही. एखादे काम प्रत्यक्ष कसे होते, हे ते कधी न पाहिलेल्या वाचकास केवळ शब्दांनी दाखवून देणे ही गद्याची अत्यंत कठीण कसोटी होय. शोक किंवा प्रीती वर्णन करणाऱ्या लेखकास वाचकाचा स्वतःचा अनुभव अर्ध्या वाटेवर येऊन भेटतो. कापलेली पेंढी कोणत्या वेळी उलटावी हे सांगणाऱ्या लेखकास अशी मदत कोठूनही मिळत नाही. त्याचा शब्द चुकला तर वाचकाचे पीक कुजते.

ह्या कसोटीसाठी आम्ही जो विषय निवडला आहे तो ऐकून काही वाचकांच्या कपाळास आठ्या पडतील. गांजाचे झाड केव्हा कापावे, त्याचे तुरे कसे वाळवावे आणि वाळल्यावर कसे मुरवावे, ह्या एका कामाची तीन काळांतील वर्णने आम्ही येथे शेजारी शेजारी ठेवून पाहणार आहो. व्यसनाची तरफदारी करण्याचा आमचा हेतू नाही. हिंदुस्थानात १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्याने ही लागवड परवान्यावाचून गुन्हा ठरविली आहे, हेही आम्ही जाणतो. परंतु एकच काम, आणि ते सांगणारे तीन अगदी निराळे लेखक तीन अगदी निराळ्या वाचकांसाठी लिहीत आहेत, असा योग समीक्षकास क्वचित लाभतो. विषय अप्रतिष्ठित आहे एवढ्याच कारणास्तव तो सोडणे म्हणजे चिखलात पडलेला आरसा उचलून न पाहण्यासारखे होईल.

पहिले वर्णन सरकारी आहे. ब्रिटिश पार्लमेंटात झालेल्या प्रश्नोत्तरांच्या परिणामी हिंदुस्थान सरकारने जुलै १८९३ मध्ये एक चौकशी कमिशन नेमले. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष होते. एकंदर सात सभासदांपैकी चार युरोपियन व तीन हिंदी होते. ११९३ साक्षीदारांच्या जबान्या घेऊन कमिशनने १८९४ साली आपला अहवाल सादर केला आणि जबान्यांसह त्याचे सात खंड प्रसिद्ध झाले. बेताच्या सेवनाने म्हणण्यासारखी हानी होत नाही, सबब सरसकट बंदी न घालता कर व नियंत्रण ठेवावे, असा बहुमताचा निष्कर्ष होता. राजा शशिशेखरेश्वर राय व लाला निहालचंद ह्या दोघा हिंदी सभासदांनी आपली भिन्न मते स्वतंत्र नोंदविली. ह्या निष्कर्षाचा ऊहापोह आजवर पुष्कळांनी केला आहे. अहवालाच्या गद्याकडे मात्र फारसे कोणी पाहिलेले नाही.

हे गद्य पाहण्यासारखे आहे. बंगालच्या राजशाही जिल्ह्यात त्या काळी नौगाव नावाचा जो मुलूख होता, आणि जो आज बांगलादेशात आहे, तेथे सरकारी देखरेखीखाली गांजाची लागवड होत असे. तेथील कामाचे वर्णन कमिशनने आपल्या पाहणीवरून आणि आधीच्या दोन अहवालांवरून सिद्ध केले. त्यांतील एक १८७७ सालचा, डेप्युटी कलेक्टर हेमचंद्र कर ह्यांचा. दुसरा १८९३ सालचा, वनस्पतिशास्त्रज्ञ डेव्हिड प्रेन ह्यांचा. ह्या वर्णनांतून जे चित्र उभे राहते ते असे. पावसाळा ओसरू लागला की रोपे सऱ्यांवर लावतात. कार्तिकाच्या सुमारास ‘पोद्दार’ नावाचा एक जाणता शेतातून फिरतो व नराची झाडे ओळखून उपटून टाकतो. नराचा पराग मादीच्या तुऱ्यांवर पडला की तुऱ्यांत बी धरते आणि राळेसारखा चिकट रस कमी होतो. म्हणून नजरेतून निसटलेली थोडी झाडेही आसपासच्या पिकाचा कस उतरवू शकतात. माघ-फाल्गुनात कापणी होते. मग कापलेल्या फांद्या दिवसा उन्हात व रात्री दवात ठेवून त्या मऊ पण बळकट होतील अशा बेताने सुकवितात, आणि त्यानंतर पायांचे काम सुरू होते. चपटा गांजा करावयाचा असेल तर फांद्या वर्तुळाकार रचून माणसे त्यांवरून फेर धरून चालतात. गोल गांजा करावयाचा असेल तर आडव्या बांधलेल्या बांबूस धरून उभे राहतात आणि जुडगे पायांखाली लाटीत जातात. ह्या खटाटोपात जो चुरा गळतो त्यालाही निराळे नाव आणि निराळा दर असतो.

कोणत्याही कादंबरीकाराने हेवा करावा इतके हे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. ह्याचे श्रेय गद्याच्या एका सद्गुणास आहे: त्यात क्रिया आहेत. कोण काय करतो, कशाने करतो, किती वेळ करतो, त्यानंतर काय करतो. वनस्पतीविषयी उद्गार नाहीत व धिक्कारही नाही. ज्या पदार्थावर अर्धे साक्षीदार संतापाने आणि अर्धे सवयीने बोलत होते, त्या पदार्थाच्या खळ्यावर येताच हे गद्य शांत होते व हातापायांकडे पाहू लागते. विषयाचा निवाडा करण्यापूर्वी तो नीट पाहावा, ही शिस्त आमच्या अनेक निबंधकारांनी ह्या रुक्ष खंडांपासून शिकण्याजोगी आहे.

तथापि हे पाहणे कोणाचे आहे, हा प्रश्न टाळता येत नाही. अहवालाचा खरा वाचक अबकारी खात्याचा अधिकारी आहे, आणि त्या वाचकाची नजर वर्णनात सर्वत्र पाझरली आहे. जेथे माल वजनात घटतो, जेथे चुरा वेगळा होतो, जेथे जुडगे मोजून सरकारी गोदामात जातात, तेथे हे गद्य लख्ख होते, कारण तेथेच महसूल निसटण्याचा संभव असतो. परंतु आजचा दिवस पुरे झाला, उद्या उन्हात घालावयाचे नाही, हे शेतकरी कशावरून ठरवितो? बोटांना काय लागते? वास कसा पालटतो? पोद्दार झाडाचे लिंग ओळखतो हे आपणांस कळते. पण त्याच्या डोळ्यांस काय दिसते हे त्याच्या तोंडून ऐकावयास मिळत नाही. साक्षीदारांतील मोठा भाग अधिकारी, डॉक्टर, जमीनदार व वकील ह्यांचा होता. ज्याच्या पायांखाली गांजा लाटला जात होता तो ह्या गद्यात चालतो, वळतो, बांबू धरतो, परंतु क्वचितच बोलतो. कर्ता उपस्थित आहे, वक्ता गैरहजर आहे. हा दोष भाषाशैलीचा नव्हे, बैठकीचा आहे. आणि बैठकीचे दोष अलंकारांनी झाकत नाहीत.

येथे एक गोष्ट विशेषेकरून मराठी वाचकाच्या लक्षात आणून देणे अवश्य आहे. हे काम केवळ बंगालात होत नव्हते. मुंबई इलाख्यात ह्या लागवडीचे मुख्य ठिकाण अहमदनगर, म्हणजे हल्लीचा अहिल्यानगर जिल्हा, हे होते, आणि मध्यप्रांतात निमाड जिल्ह्यातील खांडवा. नगरच्या खळ्यांवर तुरे पसरणारा, तुडवून चपटे करणारा, ढीग घालणारा व पुन्हा पसरणारा शेतकरी मराठी बोलत होता. खळे, पेंढी, पाथ, मळणी, उफणणी हे शब्द त्याच्या तोंडचे. त्याच्या कामाची साद्यंत हकीकत वाचावयाची असेल तर ती इंग्रजीत वाचावी लागते. त्याच काळी मराठी गद्य ऐन भरात होते. मासिके निघत होती, भाषांतरे होत होती, निबंधांतून समाजसुधारणेचा खल चालला होता. व्यसन हा विषयही वर्ज्य नव्हता. पुढे १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ ह्या नाटकाने मद्यपानास आपल्या वाङ्मयात एक मोठी शोकान्तिका मिळवून दिली. परंतु आमच्या वाङ्मयाने व्यसन पाहिले ते ओठांशी. शेतात, भट्टीवर, खळ्यावर जाऊन त्याने ते पाहिले नाही. चिलीम ओढणारा गोसावी गोष्टींतून भेटतो. त्या चिलमीतला गांजा पिकविणारा कुणबी भेटत नाही.

दुसरे वर्णन ह्या अहवालानंतर सुमारे पंचाऐंशी वर्षांनी आणि पृथ्वीच्या दुसऱ्या टोकास लिहिले गेले. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्नियात लोक घराच्या मागील अंगणात व डोंगरांतील झाडीत चोरून गांजा लावू लागले. मेक्सिकोतून येणाऱ्या मालावर तेथील सरकारने १९७५ पासून अमेरिकेच्या साह्याने विषारी तणनाशक फवारण्यास आरंभ केला होता, आणि त्या भीतीने घरच्या लागवडीस उत्तेजन मिळाले. नर काढून टाकून बिनबियांचे तुरे पिकविण्याची रीत तेथे स्पॅनिश नावाने नवी म्हणून गाजली. नौगावच्या पोद्दाराची रीत हीच होती. ह्या वातावरणात मेल फ्रँक हे टोपणनाव धारण करणारा लेखक व एड रोझेन्थल ह्यांचे लागवडीचे जाडजूड पुस्तक १९७८ साली बर्कले येथे निघाले, आणि १९८१ साली रॉबर्ट कॉनेल क्लार्क ह्यांनी गांजाच्या वनस्पतिशास्त्रावर ग्रंथ लिहिला. दोहोंतही कापणी, वाळवण व मुरवण ह्यांचा सविस्तर विचार आहे.

ह्या पुस्तकांचे गद्य अहवालाहून अगदी निराळ्या गरजेतून जन्मले. नौगावच्या शेतकऱ्यास पुस्तकाची गरज नव्हती; त्याचा बाप होता, पोद्दार होता, शेजारच्या खळ्यावर काय चालले आहे हे मान वळविली की दिसत होते. कॅलिफोर्नियातील मनुष्य एकटा होता. त्याला शेजाऱ्यास विचारण्याची सोय नव्हती, कारण विचारणे म्हणजेच कबुली. १९८३ पासून तर सरकारी हेलिकॉप्टरे ह्या पिकाच्या शोधार्थ डोंगरांवर घिरट्या घालू लागली. अशा मनुष्यासाठी पुस्तकालाच बाप, पोद्दार आणि शेजारी व्हावे लागले. कृतिवर्णनाचे ग्रंथ कोठे व का निपजतात, ह्याचे उत्तर आम्हांस येथे सापडते: जेथे शेजार तुटतो तेथे पुस्तक लागते.

आणि शेजाऱ्याची जागा घेताना ह्या गद्याने शेजाऱ्याचे गुण पुष्कळ अंशी उचलले. ते वाचकाच्या डोळ्यांवर, बोटांवर व नाकावर विश्वास टाकते. तुऱ्यांवरील राळेच्या सूक्ष्म ग्रंथी भिंगातून पाहाव्या. त्या काचेसारख्या स्वच्छ असता थांबावे, दुधाळ झाल्या की कापण्याचा समय आला, पिवळट तांबूस होऊ लागल्या की तो सरत चालला, हे सांगताना पंचांगातील तिथीचा आधार घ्यावा लागत नाही. फांद्या अंधाऱ्या, हवेशीर जागी उलट्या टांगाव्या. बारीक देठ नुसता वाकतो तोवर ओल आहे, तो कट्‌कन मोडला म्हणजे वाळले. कट्‌कन मोडणे ही खूण कोणत्याही यंत्राविना कोणासही कळते, आणि अहवालाच्या लेखकांना जी गोष्ट बाहेरून पाहून सांगता आली नाही ती ह्यांना आतून सांगता आली. मुरवण्याच्या प्रकरणात तर तंबाखूच्या धंद्यातील जुन्या रीती उसन्या आणल्या आहेत: हवेवर मुरविणे, भट्टीच्या उबेत मुरविणे, ढीग घालून त्याला घाम आणणे. आपल्या निपाणीकडील तंबाखूवाल्यास ह्यांतील ढिगाचे प्रकरण मुळीच परके वाटणार नाही.

ह्या गद्याचा दोष तोही सांगितला पाहिजे. ते भक्ताचे गद्य आहे. अहवाल झाडाविषयी उदासीन होता. हे लेखक झाडाच्या प्रेमात आहेत, आणि प्रेमी मनुष्य कोणता तपशील पुरे हे विसरतो. पान उलटावे तसा बारकाव्यावर बारकावा चढत जातो व मूळ काम झाकले जाते. शिवाय जो पदार्थ कोणाच्या तरी मेंदूवर परिणाम करणार आहे, त्याच्या परिणामाविषयी ह्या गद्याचा आवाज नेहमीच गुणगानाकडे झुकलेला असतो. उदासीन साक्षीदार कमी पाहतो. आसक्त साक्षीदार पुष्कळ पाहतो, पण एकाच बाजूने.

तिसरे वर्णन आजचे आहे. कॅनडाने ऑक्टोबर २०१८ पासून घरटी चार झाडे लावण्याची मुभा दिली, जरी त्यांतील काही प्रांतांनी ती नाकारली. कोलोरॅडोने २०१२ च्या व कॅलिफोर्नियाने २०१६ च्या मतदानाने सहा झाडांची मुभा दिली, आणि जर्मनीने एप्रिल २०२४ पासून प्रौढ माणसास तीन झाडांची. घरची सुगी अशी उजेडात आल्यावर तिच्या पुस्तिकांना सुमार राहिला नाही. त्यांतील उपदेशाचा सांगाडा बहुधा एकच असतो. खोलीची उष्णता साठ अंश फॅरनहाइट व हवेतील ओल शेकडा साठ ठेवावी. एक ते दोन आठवडे टांगावे. मग काचेच्या बरण्या पाऊण भरून त्यांत आर्द्रतामापक घालावा व आकडा अठ्ठावन्न ते बासष्टच्या दरम्यान राहील असे पाहावे. पहिल्या पंधरवड्यात रोज झाकण उघडून हवा द्यावी.

आकड्यांची निंदा करण्याचा आमचा विचार नाही. ओल अधिक राहिली तर बुरशी धरते, आणि ती श्वासावाटे फुप्फुसात जाणे आजारी मनुष्यास घातक ठरू शकते. अशा ठिकाणी नाकाच्या परीक्षेपेक्षा आकडा अधिक प्रामाणिक होय. जुन्या रीतींमागील कारणेही आता कळली आहेत. गवताळ वास व घशास होणारी खरखर ह्यांचा संबंध पानांतील हरितद्रव्याशी आहे, आणि ते सावकाश वाळवणात हळूहळू विघटित होते. सुगंधी तेले उष्णतेने उडून जातात, म्हणून घाई करावयाची नाही. नशा आणणारा मुख्य घटक १९६४ साली इस्रायलमध्ये गाओनी व मेशूलम ह्यांनी शुद्ध रूपात वेगळा केला. ताज्या झाडात तो बहुतांशी आम्लरूपात, नशारहित असतो, आणि उष्णता लागल्यावर पालटतो. फार दिवस हवा-उजेडात राहिल्यास त्याचेही रूपांतर होऊन जोर ओसरतो. १८९४ च्या लेखकांना ह्यांतील काहीच ठाऊक असणे शक्य नव्हते.

परंतु गद्य म्हणून पाहता ह्या पुस्तिकांत एक उतार दिसतो. पहिल्या वर्णनात कर्ता होता. दुसऱ्यात कर्ता व त्याची ज्ञानेंद्रिये होती. तिसऱ्यात मापक आहे. क्रियापदे आटली, संख्या राहिल्या. वाचकाने काय पाहावे हे सांगण्याऐवजी त्याने काय विकत घ्यावे हे सांगितले जाऊ लागले. वाळलेले कसे असते हे ज्याला कळत नाही त्याला साठ हा आकडा कळून फारसे कळत नाही, कारण यंत्र बंद पडताच त्याचे ज्ञानही बंद पडते. ज्ञान सांगणे आणि सूचना देणे ह्यांत हाच भेद आहे, आणि कृतिवर्णनाच्या उत्तम गद्याने हा भेद कधी विसरू नये.

ह्या तिन्ही वर्णनांची जी उणीव, ती भरून काढण्याची साधने मराठीपाशी विपुल आहेत, हे सांगताना आम्हांस अभिमान वाटावा की खेद, कळत नाही. इंग्रजीत वाळवण्याच्या अनेक अवस्थांवर एकाच क्रियापदाचे ओझे पडते. मराठीत चिंबणे, कोमेजणे, सुकणे, वाळणे, कडकडणे अशा पायऱ्या आहेत. शेतकऱ्याची बायको डाळ, मिरची व कुरडया ह्यांच्या बाबतीत त्यांचा भेद अचूक पाळते. ओलीलाही ओलसर, दमट, सर्द, चिंब असे पदर आहेत. आणि ज्या अखेरच्या क्रियेसाठी इंग्रजीस रोग बरा करण्याचाच शब्द वापरावा लागतो, तिला आपल्याकडे ‘मुरणे’ असा नेमका, घरगुती व अर्थगर्भ शब्द आहे. लोणचे मुरते, जमिनीत पाणी मुरते, मनुष्य धंद्यात मुरतो. बाहेरून काही न घालता, काळाच्या योगाने, आतल्या आत पालटून एकजीव होणे हा संपूर्ण अर्थ त्या तीन अक्षरांत आहे. साठ टक्के आणि पंधरा दिवस हे सांगूनही जे सांगावयाचे राहते, ते हा शब्द सांगतो.

कोणी म्हणेल की निषिद्ध पदार्थाच्या कृतीचे सुरेख वर्णन करणे म्हणजे निषिद्धास आमंत्रण देणे होय. आमचे उत्तर असे आहे की बंदीने लागवड थांबते किंवा लपते. परंतु ज्या हातांना ती येत होती त्यांची आठवण मात्र निश्चित पुसली जाते. नौगावात १९१७ साली उत्पादकांची सहकारी संस्था स्थापन झाली होती. १९८७ साली तेथील लागवड बंद झाली, आणि पोद्दाराची विद्या आता केवळ अबकारी खात्यासाठी लिहिलेल्या पानांत शिल्लक आहे. नगरच्या खळ्यांविषयी तर तेवढेही मराठीत नाही. उद्या उत्तराखंडाप्रमाणे, जेथे २०१८ पासून औद्योगिक भांगेस परवाने देण्यास आरंभ झाला, आणखी कोणा राज्याने धाग्यासाठी वा औषधासाठी ही लागवड खुली केली, तर आमच्या शेतकऱ्यास त्याच्याच आजोबाची विद्या परदेशी पुस्तिकेतून, फॅरनहाइटच्या अंशांत, विकत घ्यावी लागेल.

आणि हे गांजापुरतेच नाही. गुऱ्हाळावर काकवीचा गूळ कोणत्या क्षणी होतो, हळद शिजली हे कशावरून ओळखतात, बिबव्याचे तेल कसे काढतात, कांदा चाळीत कसा टिकवितात, ह्या प्रत्येक प्रश्नापाशी शब्द हजर आहेत आणि लेखक गैरहजर आहे. अधिकाऱ्याचे डोळे, प्रेमी मनुष्याची बोटे आणि यंत्राचा आकडा ह्या तिन्हींचा उपयोग करून घेणारे, परंतु काम करणाऱ्याच्या तोंडची भाषा बोलणारे गद्य मराठीत लिहिले जाणे अवश्य आहे. त्यासाठी नव्या प्रतिभेची वाट पाहावयास नको. खळ्याच्या कडेला बसून, बोलणाऱ्यास बोलू देऊन, त्याचे क्रियापद जसेच्या तसे उतरून घेणारा एक दक्ष लेखक पुरेसा आहे.